छत्री आणि वाळवण

वैशाखातल्या एका सकाळची गोष्ट. आमच्या इमारतीच्या गच्चीवर जुनी सुती साडी अंथरून हिने कुरडया घातल्या होत्या, आणि रिकामा सोऱ्या हातात घेऊन ती जिना उतरत होती. मी उत्तरपत्रिका तपासण्यासाठी कॉलेजात निघालो होतो, आणि माझ्या हातात छत्री होती. जिन्याच्या वळणावर आमची गाठ पडली. तिने माझ्या छत्रीकडे पाहिले, मी तिच्या सोऱ्याकडे. कोणी काही बोलले नाही. पण दोघांनीही एकमेकांना मनातल्या मनात वेड्यात काढले, हे दोघांनाही कळले. आभाळ दोघांच्या डोक्यावर एकच होते. पूर्वेला एक काळसर ढग होता. मला तेवढा ढग दिसला होता, आणि तिला त्या ढगाव्यतिरिक्तचे सगळे आभाळ.

पाऊस आला की नाही, असे वाचक विचारतील. आला, पण साडेपाचला. तोवर कुरडया उन्हे खाऊन घरात आल्या होत्या. मी मात्र चिंब भिजून घरी पोचलो, कारण छत्री स्टाफरूममध्ये विसरलो होतो.

आमच्या लग्नाला सोळा वर्षे झाली. एवढ्या वर्षांत आम्ही एका वेळी स्टेशनवर कधी पोचलो नाही. मी गाडीच्या आधी तासभर फलाटावर असतो. ही येते तेव्हा गाडी हलायच्या बेतात असते, आणि वर माझ्याकडे पाहून म्हणते, "बघा, मिळाली की नाही?" प्रवासाच्या पिशवीत मी विजेरी, तापाच्या गोळ्या आणि सुटे पैसे भरतो, ही शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या. चिरंजीव खोकला, की मला न्यूमोनिया आठवतो, हिला आल्याचा काढा. "काही होत नाही हो!" हे हिचे पालुपद, आणि "पण झालं तर?" हे माझे.

माझ्या या स्वभावाचे मूळ आजीकडे आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. आजीचे बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला होते. "पाणी इथवर कशाला येतंय! काही होत नाही," असे शेजारीपाजारी सांगत होते म्हणे. संध्याकाळी आजीपाशी अंगावरचे लुगडे, हातातल्या पाटल्या आणि बोटाला धरलेला सात वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे वडील, एवढेच उरले. पुढे आजी खूप जगली; पण घरातले महत्त्वाचे कागद तिने जन्मभर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो, तरीही!

हिचे माहेर मंगळवेढ्याकडचे. घरची शेती कोरडवाहू. 1972 च्या दुष्काळात हिच्या आजोबांनी सरकारी कामावर खडी फोडली, बैल विकले, आणि दुष्काळ सरल्यावर उसनवारीने बी आणून पुन्हा ज्वारी पेरली. परतीच्या पावसावर भिस्त ठेवून काळ्या रानात बी टाकणाऱ्या माणसाने "पण पाऊस नाही आला तर?" असे म्हणत बांधावर बसून कसे चालेल? आमच्या घरी पुरात गेलेल्या गोष्टी मोजण्याची सवय होती. तिच्या घरी पेरण्याची. पुष्कळ वर्षे मी हिच्या आशावादाला भाबडेपणा समजत आलो. तो भाबडेपणा नव्हता. ती कामाची एक रीत होती.

वर्गात गडकरी शिकवताना मला नेहमी एका गोष्टीचे नवल वाटते. बाळकराम या नावाने महाराष्ट्राला पोट धरून हसवणारा लेखक आणि गोविंदाग्रज या नावाने विरहाच्या कविता लिहिणारा कवी, हा एकच माणूस. 1919 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. पण तेवढ्या आयुष्यात हे दोन्ही संसार त्याने एकट्याने केले. आम्हा सामान्यांना त्यासाठी लग्न करावे लागते.

हा विनोद मी वर्गात अनेकदा केला आहे. त्यातले तथ्य मला कळले ते 2023 च्या भाद्रपदात.

हिच्या छातीत एक गाठ हाताला लागली. तीन दिवसांनी, भाजी निवडता निवडता, तिने मला ते सांगितले, आणि वर म्हणाली, "असेल काहीतरी. गणपती होऊ देत, मग बघू." मी त्याच रात्री ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवली. माझ्या निराशावादाने आयुष्यात एखादे चांगले काम केले असेल, तर ते हे. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवालाला सहा दिवस लागणार होते.

ते सहा दिवस! आयुष्यभर मी संकटाची तालीम करत आलो होतो. संकट दारात उभे राहिले, तेव्हा मला एकही वाक्य आठवेना. पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. ही गप्प झाली होती. घरात गणपती होते, मोदक झाले, आरत्या झाल्या, आल्यागेल्याचे चहापाणी झाले. कशात उणे नव्हते. फक्त हिच्या बोलण्यातला भविष्यकाळ नाहीसा झाला होता. मी व्याकरण शिकवणारा माणूस, म्हणून मला ते चटकन जाणवले असेल. "होईल", "येईल", "मिळेल", "बघू" या क्रियापदांवर आमचे घर सोळा वर्षे उभे होते. आता सारा वर्तमानकाळ. "चहा ठेवलाय." "पाणी गेलंय." बस्स.

चौथ्या रात्री दोघांनाही झोप नव्हती. अंधारात मी म्हणालो, "होईल गं सगळं नीट."

वाक्य तिचे होते. माझ्या तोंडी ते गॅदरिंगच्या नाटकात आयत्या वेळी उभ्या केलेल्या नटासारखे आले. क्षणभर शांतता होती. मग ती हसू लागली आणि हसता हसता रडू लागली.

"किती खोटं बोलता हो!" ती म्हणाली.

"आणि तू इतकी वर्षं बोलायचीस ते?"

ती जरा वेळ थांबली. "मला काय भीती वाटत नव्हती? आई आजारी होत्या तेव्हा वाटली, तुमची नोकरी पक्की होत नव्हती तेव्हा वाटली. पण घाबरायच्या रांगेत तुम्ही आधीच पहिला नंबर लावून उभे. घरात दोघांनी एकदम घाबरून कसं चालेल? मग मी पोळ्या लाटायला घ्यायची."

मी काहीच बोललो नाही. सोळा वर्षे मला वाटत होते, की घराची सगळी काळजी मी एकटा वाहतो आहे आणि ही मोकळ्या हातांनी चालली आहे. प्रत्यक्षात मला खुशाल काळजी करत बसता येत होते, ते तिने दुसरे टोक उचलून धरले होते म्हणून. त्या रात्री तिच्या हातातून ते सुटले, तेव्हा ते किती जड असते हे मला कळले. "होईल सगळं नीट" हे म्हणायला खात्री लागत नाही. समोरच्या माणसाची माया लागते. मग पहाटेपर्यंत मी ते वाक्य आणखी दोन-तीनदा म्हणालो. तिसऱ्या खेपेला ते थोडेसे खरे वाटले.

अहवाल आला. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे, काळजीचं कारण नाही. सहा महिन्यांनी परत दाखवा."

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "ऐकलंत ना? काळजीचं कारण नाही!"

मी म्हणालो, "ऐकलंस ना? परत दाखवायचं आहे!"

आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघे इतके मोठ्याने हसलो, की रखवालदार वळून पाहू लागला. आमचे घर पुन्हा रुळावर आले होते.

तेव्हापासूनच्या तपासण्या ठीक निघाल्या आहेत. यंदाची तारीख दिवाळीच्या तोंडावर आली आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी तिच्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढून ठेवले होते. काल पाहिले, तर त्याच चौकोनात, वर्तुळाखाली, हिच्या अक्षरात लिहिले होते: "येताना चकलीची भाजणी दळून आणणे."

भाजणीचा डबा मीच घेऊन जाणार आहे. परतीच्या पावसाचा काही नेम नसतो. तेव्हा दुसऱ्या हातात छत्री असेलच.