मालकाचा पैसा आणि क्लबचं शहाणपण

छोट्या गावातल्या फुटबॉल क्लबनं बड्या संघांना मागे टाकून विजेतेपद मिळवलं, की त्याची हकीकत दोन प्रकारे सांगितली जाते. काही जण जिद्दीची गोष्ट सांगतात: सामान्य खेळाडू, हट्टी प्रशिक्षक, रस्त्यावर उतरलेलं गाव. काही जण हिशेब मांडतात: एका धनाढ्य माणसानं क्लब घेतला, पैसा ओतला, यश आलं; यात नवल ते काय? फुटबॉलचं अर्थकारण हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली अशी उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की या दोन्ही हकीकती मला अपुऱ्या वाटतात. पैशानं एखादं विजेतेपद विकत घेता येतं, हे खरं. पण पैशानं हमखास मिळतो तो वेळ. तोटा सोसत, चुका करत शिकायचा वेळ. त्या वेळात क्लब काय शिकला, आणि ते शिकलेलं मालक किंवा प्रशिक्षक गेल्यावरही क्लबात उरलं का, यावर पुढचं सगळं ठरतं. श्रीमंत मालकाचं मोजमाप त्यानं किती खर्च केला यावरून न करता त्या खर्चाचं शेवटी काय झालं यावरून करावं, असं माझं म्हणणं आहे.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. इंग्लंडच्या लँकेशायरमधलं ब्लॅकबर्न हे जुन्या कापडगिरण्यांचं शहर. क्लबचं शेवटचं लीग विजेतेपद 1914 सालचं. पोलादाच्या धंद्यात मोठे झालेले तिथलेच जॅक वॉकर यांनी आपला उद्योग विकला आणि 1991 मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळणारा हा क्लब हाती घेतला. त्याच वर्षी लिव्हरपूलला विजेतेपदं मिळवून दिलेले केनी डॅल्ग्लिश प्रशिक्षक म्हणून आले. 1992 मध्ये संघ वरच्या श्रेणीत गेला आणि त्या उन्हाळ्यात ॲलन शिअररसाठी क्लबनं ब्रिटनमधला तोवरचा उच्चांकी मोबदला मोजला. दोन वर्षांनी ख्रिस सटनसाठी 50 लाख पौंड देऊन पुन्हा नवा उच्चांक केला. 14 मे 1995 रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ब्लॅकबर्न लिव्हरपूलच्या मैदानावर 1-2 असा हरला. पण त्याच वेळी लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमनं 1-1 असं बरोबरीत रोखलं होतं. एका गुणाच्या फरकानं ब्लॅकबर्न विजेता ठरला. 81 वर्षांनी मिळालेलं हे यश खोटं मुळीच नव्हतं. पण ज्या साधनानं ते मिळालं ते साधन उघड्या बाजारातलं होतं. अधिक पगार आणि अधिक मोबदला देण्याची युक्ती इतरांनाही जमणारी होती, आणि टीव्हीचा पैसा वाढत गेला तशी ती अनेकांना जमली. 1996 मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला. 1999 मध्ये, विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांत, ब्लॅकबर्न खालच्या श्रेणीत घसरला.

वॉकर यांच्या पैशाचा दुसरा भाग मात्र कमी चर्चेत येतो. त्यांनी ईवूड पार्क मैदानाचे स्टँड नव्यानं बांधले आणि ब्रॉकहॉल इथं सराव केंद्र व अकादमी उभी केली. वॉकर 2000 मध्ये वारले. पुढच्या वर्षी संघ पुन्हा प्रीमिअर लीगमध्ये आला, 2002 मध्ये लीग कप जिंकला आणि 2012 पर्यंत वरच्या श्रेणीत टिकून राहिला. विजेतेपद जिंकणारे तारे कधीच निघून गेले होते, पण पाया होता. नोव्हेंबर 2010 मध्ये हा क्लब पुण्याच्या वेंकीज समूहानं विकत घेतला, त्यामुळे ही हकीकत मराठी वाचकाच्या अंगणात येते. नवे मालक पैसे द्यायला मागे हटले असं कुणी म्हणू शकणार नाही. वर्षानुवर्षांचा तोटा ते भरत आले आहेत. तरीही महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम ॲलरडाइस यांना दूर केलं गेलं, 2012 मध्ये संघ प्रीमिअर लीगमधून बाहेर पडला, त्याच वर्षी हेनिंग बर्ग हे प्रशिक्षक 57 दिवसांत गेले, आणि 2017 मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीपर्यंत खाली आला; पुढच्या वर्षी तो दुसऱ्या श्रेणीत परतला. पैसा होता, पण फुटबॉलचा निर्णय कुणी, कशाच्या आधारावर घ्यायचा याची घडी बसली नव्हती. त्याच काळात ब्रॉकहॉलची अकादमी मात्र आपलं काम करत राहिली. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, सहाव्या वर्षी क्लबात आलेला ॲडम व्हॉर्टन फेब्रुवारी 2024 मध्ये क्रिस्टल पॅलेसला गेला, तेव्हा क्लबच्या हाती सुमारे 1 कोटी 80 लाख पौंड पडले. वॉकर यांनी खेळाडूंवर उधळलेल्या पैशाचं फळ चार वर्षांत संपलं. मैदानात आणि अकादमीत घातलेला पैसा तीस वर्षांनंतरही उत्पन्न देतो आहे.

अशा पैशाच्या वापराच्या दोन टोकांची उदाहरणं पाहावीत. स्कॉटलंडच्या सीमेवरचं ग्रेटना हे जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. ब्रुक्स माइलसन यांच्या पैशावर तिथला संघ 2005, 2006 आणि 2007 अशा लागोपाठ तीन वर्षी वर चढला. 2006 मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात हार्ट्सकडून तो हरला तोही पेनल्टीवर. पण सर्वोच्च श्रेणीचे निकष पुरे करील असं मैदान गावात नव्हतं, म्हणून घरचे सामने दूर मदरवेलला जाऊन खेळावे लागले. माइलसन आजारी पडले, पैसा आटला, आणि 2008 मध्ये क्लबच संपला. दुसऱ्या टोकाला स्पेनमधलं विलारेआल आहे, सुमारे पन्नास हजार वस्तीचं. सिरॅमिक टाइल्सच्या धंद्यातले फर्नांदो रोइग यांनी 1997 मध्ये क्लब घेतला. त्यांनीही नामवंत खेळाडू आणले, पण जोडीला अकादमी आणि खेळाडू हेरणारी यंत्रणा घडवली. 2006 मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोचला. 2012 मध्ये तो घसरला, आणि खरी परीक्षा तिथंच झाली. मालकानं हात काढून घेतला नाही, यंत्रणा मोडली नाही, आणि वर्षभरात संघ परतला. 26 मे 2021 रोजी ग्दान्स्कमध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बरोबरीत सुटला. पेनल्टी सुरू झाल्या आणि दोन्ही संघांच्या अकराही खेळाडूंची पाळी आली. विलारेआलचा गोलरक्षक रुली यानं स्वतः गोल मारला, मग समोरच्या गोलरक्षकाची, डेव्हिड डे हेयाची पेनल्टी अडवली. 11-10. पेनल्टीचा निकाल नशिबावर सोडता येईल. पण मालक आल्यापासून चोवीस वर्षांनी तो संघ त्या सामन्यात होता, हे नशीब नव्हे.

वेळेचा सर्वांत पद्धतशीर उपयोग इंग्लंडमधल्या ब्रायटन आणि ब्रेंटफर्ड या क्लबांनी केला. टोनी ब्लूम आणि मॅथ्यू बेनहॅम हे त्यांचे मालक मूळचे त्याच क्लबांचे चाहते, आणि दोघांनीही सट्ट्याच्या जगात आकडेशास्त्राच्या बळावर पैसा मिळवला. ब्रायटनला 1997 नंतर स्वतःचं मैदानही उरलं नव्हतं. ब्लूम यांच्या पैशातून 2011 मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं आणि प्रीमिअर लीग गाठायला आणखी सहा वर्षं लागली. एवढा काळ मालक तोटा भरत होता आणि क्लब खेळाडू पारखायला शिकत होता. इक्वाडोरमधून 2021 मध्ये सुमारे 40-45 लाख पौंडांत आणलेला मोइसेस कैसेदो 2023 मध्ये चेल्सीला 10 कोटी पौंडांहून अधिक किमतीला गेला. त्याआधी, सप्टेंबर 2022 मध्ये, प्रशिक्षक ग्रॅहम पॉटर यांनाच चेल्सीनं हंगामाच्या सुरुवातीलाच नेलं होतं. त्याच हंगामात ब्रायटन सहावा आला आणि इतिहासात पहिल्यांदा युरोपीय स्पर्धेला पात्र ठरला. ब्रेंटफर्डनं ऑली वॉटकिन्सला एक्सेटरकडून 18 लाख पौंडांत घेतलं आणि 2020 मध्ये ॲस्टन व्हिलाला 2 कोटी 80 लाखांना विकलं. पुढच्याच वर्षी हा क्लब 74 वर्षांनी सर्वोच्च श्रेणीत परतला. प्रशिक्षक डीन स्मिथ गेले तेव्हा त्यांचे सहायक थॉमस फ्रँक आले. 2025 मध्ये फ्रँक गेले तेव्हा क्लबातलेच कीथ अँड्र्यूज आले. माणूस गेला तरी रीत क्लबात राहिली.

या मांडणीवर पहिला आक्षेप आकड्यांचा आहे, आणि तो वजनदार आहे. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी 'सॉकरनॉमिक्स'मध्ये दाखवलं की इंग्लिश क्लबांचं दीर्घकाळातलं सरासरी स्थान आणि त्यांचा पगारावरचा खर्च यांचा संबंध अतिशय घट्ट आहे. स्थानांतला सुमारे 90 टक्के फरक पगाराच्या खर्चावरून समजावून देता येतो. मग शहाणपणाला जागा उरते किती? माझं उत्तर असं की छोट्या क्लबाचं सगळं आयुष्य उरलेल्या त्या थोड्या जागेतच जातं. बड्यांइतका पगार तो कधीच देऊ शकणार नाही. त्याला पुढे जायचं तर तेवढ्याच पैशात अधिक चांगला खेळाडू ओळखावा लागेल, म्हणजे ज्ञानाची जोड लागेलच. लेस्टर सिटीनं हे दोन्ही अर्थांनी सिद्ध केलं. थायलंडच्या किंग पॉवर समूहाचे विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी 2010 मध्ये क्लब घेतला आणि पुढे क्लबला दिलेल्या 10 कोटी पौंडांहून अधिक कर्जाचं भागभांडवल करून टाकलं. जेमी वार्डी 10 लाख पौंडांत लीगबाहेरच्या फ्लीटवूडकडून आला. रियाद माहरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून पाच लाखांच्या आत आला. एन्गोलो कांते 56 लाखांत काँ या फ्रेंच क्लबातून आला. 2015-16 मध्ये सट्टाबाजारात 5000 ला 1 असा भाव असलेला हा संघ दहा गुणांच्या फरकानं विजेता झाला, आणि त्याचा पगाराचा खर्च मँचेस्टर युनायटेडच्या जवळपास तिसरा हिस्सा होता. पण हे खेळाडू हेरणारे स्टीव्ह वॉल्श त्याच उन्हाळ्यात एव्हर्टनला गेले. क्लब हळूहळू बड्यांसारखे पगार देऊ लागला, 2022-23 मध्ये पगाराचा खर्च एकूण उत्पन्नाच्या वर होता, आणि त्याच हंगामात संघ घसरला. 2018 मध्ये हेलिकॉप्टर अपघातात विचाई गेले आणि कोविडच्या साथीच्या काळात त्यांच्या घराण्याच्या ड्यूटी-फ्री व्यवसायाला फटका बसला, हेही त्यामागचं कारण आहेच. एकाच माणसाच्या तिजोरीवर टेकलेला क्लब किती नाजूक असतो, ते यातून दिसतं.

दुसरा आक्षेप न्यायाचा. बाहेरून आलेला पैसा स्पर्धा बिघडवतो. जर्मनीसारखं मतांचं बहुमत सभासदांच्या हाती ठेवावं, असं अनेकांना वाटतं. त्यातली चिंता मला पूर्ण मान्य आहे. ऑगस्ट 2019 मध्ये इंग्लंडमधला बरी हा सव्वाशे वर्षांहून जुना क्लब आर्थिक डबघाईमुळे लीगमधून काढला गेला, तेव्हा शिक्षा भोगली ती गावानं. पण बाहेरचा पैसा सरसकट बंद केला तर आज वर असलेले क्लब कायमचे वर राहतील, कारण त्यांचं उत्पन्न पिढ्यान् पिढ्या साठत आलेलं आहे. रास्त उपाय पैशाला वाट दाखवण्याचा आहे. मैदान, अकादमी, महिला संघ यांवरच्या खर्चाला मोकळीक असावी, आणि खेळाडूंच्या पगाराला उत्पन्नाशी बांधून ठेवावं. शिवाय मालकानं दिलेल्या पगाराच्या शब्दाची आगाऊ हमी घ्यावी. इंग्लंडनं 2025 मध्ये कायदा करून स्वतंत्र फुटबॉल नियामक नेमला, तो याच दिशेनं.

आपल्याकडे हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. गोव्यातल्या धेंपो, साळगावकर या खाणउद्योजक घराण्यांनी क्लब पोसले. धेंपोनं तर राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 मध्ये देशाचा विजेता होता. 2010 मध्ये कंपनीनं तो बंद केला. 2016 मध्ये लीगच्या प्रस्तावित फेररचनेला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. त्यामुळे घसरलेल्या आयझॉल एफसीला पुन्हा जागा मिळाली. मिझोरमच्या त्या संघाला मुंबईचे प्रशिक्षक खालिद जमील यांनी 2016-17 मध्ये विजेता केलं. आशुतोष मेहता आणि जयेश राणे हे मुंबईत खेळलेले खेळाडू त्यात होते. पण विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) चढायची वाटच नव्हती, आणि बघता बघता संघ विखुरला. म्हणजे मालकानं वेळ विकत घ्यावा तर त्या वेळेच्या शेवटी वर जायचं दार उघडं हवं. आय-लीगच्या विजेत्यासाठी ते दार 2023 मध्ये उघडलं. ते उघडं ठेवणं हे भारतीय फुटबॉल महासंघाचं काम, आणि तेवढ्यापुरता माझा युक्तिवाद मालकांच्या पलीकडे जातो.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुण्या-मुंबईतला, कोल्हापुरातला किंवा मडगावचा एखादा क्लब उद्या कुण्या उद्योगपतीनं घेतला, तर कोणता परदेशी खेळाडू येतोय हे नंतर विचारा. आधी विचारा: मैदान कुणाच्या नावावर आहे? बारा वर्षांच्या मुलामुलींना शिकवणारे प्रशिक्षक पगारी आहेत का? खेळाडू निवडण्याचा निर्णय कोण घेतं? आणि मालकानं उद्या पाठ फिरवली तर क्लब किती हंगाम चालेल? या चार प्रश्नांना चाहते आणि पत्रकार जाहीरपणे उत्तरं मागू लागले, तर श्रीमंत मालकाचा पैसा गावाच्या कामी येईल. नाही मागितली, तर एखादी ट्रॉफी मिळेल, पण क्लब राहीलच याची खात्री नाही.