हाताचे लाकूड

ज्या सुताराच्या पटाशीची धार सागवानातील सिलिकेने जन्मभर बोथट केली, त्याच्या हाती अक्रोडाची फळी प्रथम येते तेव्हा त्याला किंचित अविश्वासच वाटतो. कारण हे लाकूड आडव्या तंतूंवरही हत्याराला फारशी हरकत घेत नाही, आणि कोरलेली कड, मग ती कितीही नाजूक असो, ढासळू देत नाही. श्रीनगरचे कारागीर चिनाराचे पान कोरताना त्याच्या खालून हत्यार घालून ते जवळजवळ अधांतरी करतात, त्याचे निम्मे श्रेय तरी या गुणाकडे जाते. मुळाकडचे लाकूड काळसर व रेखीव आणि फांदीचे फिकट, ही पारख तेथे परंपरागत आहे. झाड मात्र मालकासही स्वेच्छेने तोडता येत नाही. जम्मू-काश्मीरात १९६९ च्या कायद्यान्वये त्यास सरकारी परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे.

वजनाने अक्रोड सागाच्या जवळपास, घनमीटरला सुमारे ६४० किलो. परंतु त्याची खरी जागा हाताच्या सान्निध्यात आहे. युरोपात बंदुकीच्या दस्त्यासाठी शतकानुशतके हेच लाकूड पसंत केले गेले, कारण ते धक्का सोसते आणि एकदा नीट सुकले म्हणजे सहसा पीळ घेत नाही, त्यामुळे नळीची बैठक बिघडत नाही. पेटीचे झाकण, खुर्चीचा हात, लिहिण्याचे मेज, जेथे जेथे तळवा टेकतो तेथे ते शोभते. कोकणातल्या पावसाला तोंड देणाऱ्या दारासाठी कोणी ते मागितले तर मी साफ नामंजूर करतो: बाहेरच्या फिकट थरात कीड लवकर शिरते. ओलसर लोखंड टेकले तरी निळसर-काळा डाग उमटतो, म्हणून माझे स्क्रू पितळेचेच असतात.

अमेरिकेतील काळे अक्रोड गिरणीत वाफवून त्या थरासही तपकिरी करतात. रंग एकजिनसी होतो खरा, परंतु गाभ्यातील जांभळी छटा मावळते, आणि मला तो सौदा तोट्याचा वाटतो. त्याहून अनिष्ट म्हणजे वरून गडद पॉलिश चढविण्याचा हट्ट. जवसाचे तेल आणि मेण यांपलीकडे मी सहसा जात नाही.

एक गोष्ट गिऱ्हाइकास आधीच बजावून ठेवावी लागते. हे लाकूड उन्हाने काळवंडत नाही, उलट फिकट होत जाते. मेज खिडकीशी ठेवायचेच असेल तर वरच्या वस्तू अधूनमधून हलवत जाव्यात, नाही तर फुलदाणी उचलल्यावर तिच्या बुडाचे गडद वर्तुळ दिसते आणि जाब मात्र सुताराला विचारला जातो.