तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

बाबांची जुनी डिझेल गाडी थंडीत नुसती खोकायची. म्हटलं शनिवार आहे, चारही ग्लो प्लग (गॅरेजच्या भाषेत हीटर प्लग) आपणच बदलू. तीन निमूट निघाले. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र ढिम्म! टोकाशी काजळी घट्ट बसलेली. मी पान्याला पाइप लावणार, तेवढ्यात बाबा ओरडले, "अरे, मोडेल!"

खरंच होतं. एम-१० प्लग सोडवताना साधारण ३५ न्यूटन-मीटरच्या वर जाऊ नये. तुटला की हेड उतरवा. तो खर्च ऐकून गाडी थेट भंगारात गेली असती. इथे कसलं आलंय अन्डू!

मुळाशी तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. रविवारी गाडी फिरवून आणली आणि इंजिन गरम असतानाच काट्याचा टॉर्क रेंच लावला. जरा सोडव, परत आवळ, पुन्हा तेल. मी काट्याकडे बघतोय, बाबा माझ्या हाताकडे. पाऊण तासाने 'कर्र' झालं. गेलं वाटतं... पण नाही, अख्खा बाहेर आला, टोकासकट!

भोकातली काजळी रीमरने काढली, नवा बसवला. जुना बाबांनी पुसून खिशात टाकला.