भूत शोधायला आजऱ्याला

‘वीकएण्डला काय प्लॅन?’ या प्रश्नाला एकदा ‘भूत शोधायला जातेय’ असं उत्तर देऊन बघा. आमच्या हिंजवडीच्या कँटीनमध्ये क्षणभर शांतता पसरली आणि मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणे नाइट व्हिजन कॅमेरा ने, कुणी म्हणे चुंबकीय क्षेत्र मोजणारं मीटर ने, कुणी म्हणे रिकाम्या खोलीत रेकॉर्डर लावून ठेव आणि नंतर हेडफोनवर ऐक. ही सगळी टीव्हीची कृपा. आपल्याकडे ही स्टाइल लोकप्रिय केली ती दिल्लीच्या गौरव तिवारीनं. पायलटचं प्रशिक्षण घेतलेल्या या पोरानं २००९ मध्ये इंडियन पॅरानॉर्मल सोसायटी काढली. २०१६ च्या जुलैमध्ये तो गेला, पण त्याची ती लुकलुकणारी यंत्रं तरुणांच्या डोक्यात राहिली. माझ्याही राहिली होती, खोटं कशाला बोला!

आमंत्रण माझ्या रूममेटचं होतं. तिच्या आत्याचं घर आजऱ्याजवळच्या एका खेड्यात. जूनपासून त्या घरात भलतंच काही चाललं होतं. रात्री माळ्यावर कुणी चालल्याचे आवाज. बंद माजघरात वरून दगड पडायचे. दोरीवरच्या साडीला जळून भोकं पडलेली. भाताच्या पातेल्यात राख. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे अंगावर आपोआप उमटणाऱ्या काळ्या फुल्या. मराठवाडा, तेलंगण, कर्नाटकाच्या सीमाभागात याला सरळ ‘भानामती’ म्हणतात. इथं गावानं त्या घराचं नावच बदलून टाकलं होतं, ‘भुताचं घर’. संध्याकाळनंतर दूधवाला दारात यायचा बंद झाला होता.

एवढंच असतं तर मी मजा बघायला गेले असते. पण धाकट्या मुलाचं लग्न मे महिन्यात झालं होतं आणि प्रकार सुरू झाले जूनमध्ये. पुढचं गणित गावानं स्वतःच सोडवलं. हिच्याच पायानं आलं! रविवारी, २१ सप्टेंबर २०२५ ला, सर्वपित्री अमावस्या होती. त्या रात्री देवरुषी येणार आणि धाकट्या सुनेला पाटावर बसवून ‘बोलतं’ करणार, असं ठरलं होतं. बोलतं करणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसेल तर बरंच आहे. छडी, मिरचीची धुरी, केस धरून गदागदा हलवणं. हे सगळं ऐकून रूममेटनं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या दोन जुन्या कार्यकर्त्यांना फोन केला. एक निवृत्त शिक्षक, आपण त्यांना सर म्हणू. दुसऱ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर, त्यांना सगळे ताईच म्हणतात. आमच्याकडे शनिवार आणि रविवारची दुपार एवढाच वेळ होता. अशी डेडलाइन मी आयुष्यात पाहिली नव्हती.

कोल्हापूर सोडलं की निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज आणि मग आजरा. पाऊस सोबत होताच. जांभ्या दगडाची लाल घरं, काजूच्या बागा, हिरवीगार भातं आणि मधूनच वळण घेणारी हिरण्यकेशी. ‘रात्री उगीच बाहेर पडू नका’ असं हॉटेलवाल्यानं सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, पण तो भुताबद्दल बोलत नव्हता. कर्नाटकातून आलेले हत्ती या भागात बरीच वर्षं फिरतात. इथला माणूस भुताला घाबरतो ते घरात. बाहेर टस्कर असतो!

सरांची पिशवी बघून माझा पार फियास्को झाला. टॉर्च, मोजायची टेप, शंभर पानी वही आणि बटरचा पुडा. संपलं. ‘मीटर नाही?’ मी विचारलं. ‘हाय की,’ असं म्हणून त्यांनी ताईंकडे बोट दाखवलं.

पहिले दोन तास त्यांनी भुताचं नावच काढलं नाही. घर मोजलं. माळ्यावर चढले आणि खाली येताना कागदाच्या पुडीत लेंड्या घेऊन आले. उदमांजर! एक कौल सरकलेलं होतं, तिथून त्याचं जाणं-येणं. चुलीपाशी बसून विचारलं, धूर कुठून जातो, पावसात खिडकी बंद असते का, सकाळी कुणाचं डोकं दुखतं का. हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. १९२१ मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञानं एका झपाटलेल्या घराची हकिगत छापली होती. पावलांचे आवाज, अनोळखी आकृत्या, छातीवर बसलेलं ओझं, सगळं होतं त्यात. निघालं काय, तर बिघडलेल्या भट्टीतून घरभर पसरणारा कार्बन मोनॉक्साइड. विक टँडी या ब्रिटिश इंजिनीअरचा किस्सा तर आणखी भन्नाट. त्याच्या प्रयोगशाळेत करडी आकृती दिसायची. शेवटी त्यानं शोधून काढलं की एका पंख्यामुळे सेकंदाला साधारण १९ कंपनं होताहेत. कानाला ऐकू न येणारी, पण शरीराला जाणवणारी. १९९८ मध्ये त्यानं यावर शोधनिबंधही लिहिला. मी मोठ्या उत्साहानं सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘चांगलं हाय. पण तुमच्या त्या पंख्यानं भातात राख टाकली नव्हती न्हवं?’

मला काम मिळालं ते नोंदींचं. कोणता प्रकार, कधी, त्या वेळी कोण कुठे होतं. आयटीवाली म्हटल्यावर मी लगेच लॅपटॉप उघडून एक्सेल शीट केलं. एकूण १९ घटना. त्यातल्या आठ माळ्यावरच्या पावलांच्या होत्या, त्या उदमांजराच्या नावावर टाकल्या. उरल्या ११.

दगडांचं कोडं सरांनी एका वाक्यात फोडलं. ‘बाहेर एवढा पाऊस, दगड कौलांतनं आला म्हणता, मग त्यो वाळलेला कसा?’ कौल फुटलेलं नाही, दगडाला पाण्याचा थेंब नाही. म्हणजे तो घरातच होता. साडी पेटताना कुणीच पाहिली नव्हती, जळलेली साडी फक्त सापडली होती. आणि फुल्या? भानामतीत पूर्वापार वापरतात तो बिब्बा. त्याचं तेल लागलं की लगेच काही दिसत नाही, बऱ्याच वेळानं कातडीवर काळा फोड उठतो. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं, आपोआप उमटलं! पण या घरात बिब्ब्याचीही गरज नव्हती. काजू हा बिब्ब्याचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळातला. त्याच्या टरफलातलं तेलही तसंच पोळतं. म्हणून तर काजू फोडणाऱ्या बायका हाताला आधी दुसरं तेल चोपडतात. घरातल्या सगळ्याच बायका काजू फोडायच्या, सोप्यात टरफलांचं पोतं उघडं पडलेलं होतं.

थोडक्यात, भूत नव्हतं. मला वाटलं, झालं काम. ताई म्हणाल्या, आता कुठं सुरू झालं.

शनिवारी दुपारपासून त्यांनी घरातल्या एकेकाला गोठ्याशेजारच्या खोलीत बोलावलं. आज्जी, मामा म्हणजे आत्याचे यजमान, आत्या, दोन्ही मुलगे, दोन्ही सुना आणि टीवायला असलेली मुलगी. प्रत्येकाला अर्धा तास, कुणाला तासभर. ‘तू केलंस का?’ असं कुणालाही विचारलं नाही, एवढं ताईंनी मला नंतर सांगितलं. झोप लागते का, जेवण कुणाच्या हातचं आवडतं, माहेरी शेवटचं कधी गेलीस, असले प्रश्न. दार बंद असायचं. एकदा आतून बराच वेळ रडण्याचा आवाज आला. कोण होतं ते मी पाहिलं, पण इथं लिहिणार नाही.

रात्री जेवायला घनसाळचा भात होता. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला, आजऱ्याच्या मातीतला. पानात वाढला तरी घरभर घमघमाट. सगळे गप्प जेवत होतो. धाकटी सून वाढत होती आणि तिच्या हातचं घेताना प्रत्येक जण ताटाकडे बघत होता. चोवीस तासांनी तिला पाटावर बसवायचं होतं. बांगड्यांच्या खाली तिच्या मनगटावर दोन काळ्या फुल्या मला दिसल्या.

झोप येईना म्हणून शीटमध्ये टिकमार्क भरत बसले. ११ घटना, आठ माणसं. सात रकान्यांत मध्ये मध्ये जागा रिकाम्या होत्या. एका रकान्यात ११ च्या ११ टिक होत्या. मी तशीच उठून ताईंकडे गेले. त्यांनी स्क्रीनकडे नुसतं पाहिलं. ‘आम्हाला दुपारीच कळलंय,’ त्या म्हणाल्या. ‘ही शीट उडव. मैत्रिणीलाही सांगायचं नाही. नाव फुटलं की त्या माणसाला या घरात जागा राहणार नाही.’ मला रागच आला. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास गाडी हाकून आल्यावर उत्तर हातात असताना डिलीट करायचं? तरी केलं.

रविवारी दुपारी सोप्यात सगळे जमले. सरांनी आधी उदमांजर, दगड, काजूचं तेल सगळं समजावलं. मग म्हणाले, ‘बाकीचं माणसाच्या हातनं झालंय. ते माणूस मला भेटलंय. आजपासनं बंद. नाव इचारायचं न्हाई, मी सांगणार न्हाई.’

मामा उठून उभेच राहिले. ‘घर माझं हाय. मला नाव कळाय पायजे.’

सर गप्प.

‘मग देवरुषी हाय की. त्यो बोलवून घील.’

आता ताई बोलल्या, अगदी दवाखान्यातल्या शांत आवाजात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला, तो त्यांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाल्यावर काही दिवसांतच वटहुकमाच्या रूपानं आला. डिसेंबरमध्ये विधिमंडळानं तो मंजूर केला. भूत उतरवायच्या नावाखाली मारलं, बांधलं, धुरी दिली तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय पाच ते पन्नास हजार दंड. ‘देवरुषी तर आत जाईलच मामा, त्याला बोलावणाऱ्यालाही पोलीस विचारतील.’

मामा खाली बसेनात. तेव्हा कोपऱ्यातून आज्जी बोलल्या, ‘ऱ्हाऊ दे बाबा. कोण का असंना, आपल्यातलंच हाय.’

मग सरांनी वहीतलं पान फाडून मामांच्या हातात दिलं. त्यावर चार गोष्टी होत्या. आज्जींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवायचं नाही. थोरल्या सुनेच्या काजूच्या मजुरीचे पैसे तिच्याच खात्यात जमा करायचे. धाकटीला दिवाळीत चार दिवस माहेरी पाठवायचं आणि तिचा फोन तिच्याजवळ ठेवायचा. मुलीची टीवायची परीक्षा होईपर्यंत स्थळं बघायची नाहीत. चौघींच्या चार गोष्टी. यातली खरी कोणती आणि तीन नुसत्या आडोशाला ठेवलेल्या कोणत्या, हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. पुरुषांच्या नावावर काहीच नव्हतं. त्यांना काही नको होतं, की मागायला दगड पाडावे लागत नव्हते, कुणास ठाऊक!

परतताना संकेश्वरच्या पुढं रूममेटनं विचारलंच, ‘कोण गं?’ मी म्हटलं, सरांना विचार. ती म्हणाली, विचारलं, त्यांनी बटर पुढं केलं.

त्या अमावस्येला देवरुषी आला नाही. तेव्हापासून दगड नाही, राख नाही. ताई पंधरा दिवसांनी फोन करतात, घरातल्या सगळ्यांशी बोलतात. दिवाळीत धाकटी माहेरी जाऊन आली. थोरलीच्या खात्यावर पैसे जमा होतात, आणि मुलीनं फॉर्म भरलाय. सरकलेलं कौल काही अजून बसवलेलं नाही, त्यामुळे उदमांजर आहेच. ते धावायला लागलं की मामा झोपेतच काठी आपटतात म्हणे. आज्जींचं ऑपरेशन मात्र दोनदा पुढं गेलं. आता गडहिंग्लजची तारीख मिळालीय, रूममेट परवा सांगत होती.