ऐस्थेसिस म्हणजे महसूस

बा. सी. मर्ढेकरांचा जन्म १९०९ सालचा, आमच्याच जिल्ह्यातल्या फैजपूरचा. म्हणून त्यांचं 'सौंदर्य आणि साहित्य' मी जरा जास्तच आपुलकीने वाचायला घेतलं. पुस्तक अवघड आहे, पण मर्ढेकर कलेचा विचार रंग, नाद अशा संवेदनांपासून सुरू करतात, हे मला फार पटलं. कारण सौंदर्यशास्त्राचं पाश्चात्त्य नाव, 'एस्थेटिक्स', मुळात सौंदर्याबद्दल नाहीच. बाउमगार्टेन या जर्मन तत्त्वज्ञाने ते १७३५ मध्ये ग्रीक 'ऐस्थेसिस'वरून घडवलं. ऐस्थेसिस म्हणजे डोळ्यांना दिसणं, कानांना ऐकू येणं, कातडीला चटका कळणं. 'ऐस्थानोमाई' म्हणजे मला जाणवतं. जे जाणवतं ते 'ऐस्थेतोन'.

अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ अरबीत गेले तेव्हा ऐस्थेसिसचं 'हिस' झालं आणि ऐस्थेतोनचं 'महसूस'. हे वाचून मी थबकलोच. एवढा जडजंबाल ग्रीक शब्द, आणि त्याचा अरबी जोडीदार आमच्या स्वयंपाकघरात रोज वावरतो! एहसास, बेहिस हे त्याच घरातले.

गेल्या वर्षी अम्मीला धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. तिला अठरा वर्षांपासून साखरेचा आजार. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले, तळव्याला ठिकठिकाणी नायलॉनचा बारीक धागा टेकवला आणि दर वेळी विचारलं, "आता?" अम्मी म्हणाली, "कुछ महसूस नहीं होता." ती खुशीत होती. आधी पायांची आग व्हायची, रात्र रात्र झोप नसायची; आता दुखत नाही म्हणजे बरंच की! डॉक्टर मात्र गप्प झाले.

ऐस्थेसिसला नकार जोडला की 'अ‍ॅनेस्थेशिया' होतो. मराठीत बधिरीकरण. बधिर म्हणजे खरं तर बहिरा, पण आपण पायही बधिर झाला म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते बाकीच्या इंद्रियांवाचून प्राणी जगू शकतो, स्पर्शावाचून नाही.

अम्मी मे महिन्यातही अंगणात अनवाणी जायची. आता चपला दारातच ठेवलेल्या असतात, तरी विसरते. झोपण्याआधी मी तिचे पाय मांडीवर घेतो आणि टॉर्च लावून तळव्यावरून बोट फिरवतो. तिला गुदगुल्याही होत नाहीत. परवा टाचेजवळ बोटाला काहीतरी टोचलं. बाभळीचा काटा होता, अर्धा आत. कधी गेला, तिला पत्ताच नव्हता.