धावत्या सहलीच्या बाजूने

मुलं बरोबर असतील तर गोव्यात गाडी बाहेर काढूच नये, असं माझं ठाम मत होतं, आणि आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना मी ते कुणी न विचारताच ऐकवत असे. मोरजीत आमच्या घरामागच्या खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. येणारी बहुतेक कुटुंबं कोल्हापूर-सांगली-पुण्याकडची. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत घाट उतरून स्वतःच्या गाडीने आलेली. सकाळी पोह्यांची बशी समोर आली की घरातला कर्ता माणूस मोबाईलवर यादी उघडतो. हरवळ्याचा धबधबा, मयेचं तळं, तेरेखोल, आग्वाद, जमलं तर जुनं गोवं. मग ‘चला, चला, उशीर होतोय’ सुरू. संध्याकाळी गाडी परत येते तेव्हा मागच्या सीटवरून झोपलेलं मूल उचलून आणायचं. त्याच्या सदऱ्यावर वांतीचा डाग, आणि फोनमध्ये धबधब्यापुढे डोळे मिटलेला त्याचा फोटो. हे सगळं नक्की कुणासाठी चाललंय, असं मला वाटायचं.

माझ्या मताला पुरावाही होता, आणि तो रोज ओहोटीला दारापाशी हजर असे. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथल्या ओल्या वाळूवर पाणी मागे सरलं की मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या वाळूच्या गोळ्या पडलेल्या दिसतात. मधे एक बारीकसं भोक, आणि त्याच्याभोवती चारी दिशांना गेलेल्या गोळ्यांच्या रांगा. करणारा असतो करंगळीच्या नखाएवढा खेकडा. तो वाळू तोंडाशी नेतो, तिच्यात अडकलेला खाऊ गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो. पाऊल वाजलं की बिळात. न हलता उकिडवं बसलं तर थोड्या वेळाने पुन्हा वर येतो आणि काम जिथे सोडलं तिथून धरतो. भरती आली की सगळ्या गोळ्या पुसल्या जातात. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारी मुलं इथे जेवायच्या हाका येईपर्यंत बसलेली मी पाहिली आहेत. तेव्हा मी म्हणायची, मुलाला एवढं पुरे, यादी तुमच्यासाठी ठेवा.

खेकड्यांबद्दलचं माझं हे म्हणणं आजही खरं आहे. माझं मत हललं ते मुलांच्या बोलण्याने.

रात्री जेवणं झाली की मंडळी ओसरीवर बसतात. मोठ्यांना विचारलं, काय पाहिलं, तर उत्तर ठरलेलं: छान होतं, गर्दी फार. मुलांना विचारलं की भलतंच काहीतरी निघतं. कोल्हापूरकडची एक तिसरी-चौथीतली मुलगी वडिलांवर चिडलेली होती. महाराष्ट्र संपून गोवा सुरू होतो ती रेघ त्यांनी दाखवली नव्हती. बांदा सोडल्यापासून ती काचेला नाक लावून रस्त्यावर रेघ शोधत होती. रेघ नाहीच. माती तर सावंतवाडीपासूनच लाल, माणसंही तशीच, फक्त दारूची दुकानं एकदम वाढली (हे निरीक्षण तिचंच). मग सीमेवरच्या पत्रादेवीला धाकट्या भावाला शू आली म्हणून गाडी थांबली आणि तिला हुतात्मा स्मारक दिसलं.

15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रही याच वाटेने गोव्यात शिरत होते आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. पंजाबातल्या इसरू गावचे करनैल सिंग पंचविशीतच तिथे मारले गेले. मुलीने वडिलांना विचारलं, ते पंजाबचे होते तर इथे कशाला आले? देश तर 1947 ला स्वतंत्र झाला ना? वडिलांना नीट सांगता आलं नाही, म्हणून रात्री दोघंही माझ्यापुढे येऊन बसले. 1947 नंतरही चौदा वर्षं, म्हणजे 19 डिसेंबर 1961 पर्यंत, गोवा पोर्तुगिजांकडेच होता, इथपासून मी सुरुवात केली. मी मोरजीच्याच पेडणे तालुक्यात वाढले, हे सगळं शाळेत पाठ केलेलं. पण ‘कशाला आले’ याचं उत्तर देताना मलाही जरा थांबावं लागलं.

असंच तेरेखोलचं. मोठ्यांच्या लेखी तेरेखोल म्हणजे हॉटेल झालेला किल्ला, आत एक चर्च, वरून केरीचा किनारा दिसतो, फोटो काढा आणि निघा. पोरांच्या लेखी आधी केरीची फेरीबोट. अख्खी गाडी बोटीत चढते, माणसांना तिकीट नाही, इंजिनाचा धडधडाट पायाखालून अंगात येतो. आणि मग प्रश्न: नदी ओलांडली, पलीकडची गावं महाराष्ट्राची, तर एवढाच तुकडा गोव्याचा कसा? किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा होता, तो पोर्तुगिजांनी 1746 मध्ये घेतला. आमचं पेडणं मात्र त्यांच्याकडे गेलं 1788 मध्ये. म्हणजे नदीपलीकडचा किल्ला पोर्तुगीज झाला तेव्हा मोरजीवर सावंतवाडीचाच अंमल होता. हे मी एका सातवीतल्या मुलाला कागदावर नदी काढून दाखवलं. त्याने लगेच विचारलं, मग तेव्हा परदेशात कोण होतं, आपण की ते? त्याच किल्ल्यावर 1954 च्या 15 ऑगस्टला सत्याग्रहींनी तिरंगा लावला, हेही त्याला ऐकायचं होतं. त्याच्या आईला मासळी थंड होण्याची काळजी लागली होती.

ओहोटीला पाणी उतरलं की ही फेरी कधी कधी बंद ठेवतात. एक कुटुंब असंच पलीकडे अडकलं आणि रेडी, शिरोडा, आरोंदा करत पूल ओलांडून किरणपाण्याला उतरलं. गोव्यातून गोव्यात यायला महाराष्ट्रातून वळसा. बाप पेट्रोलच्या नावाने बोटं मोडत होता, पोरगा मात्र मित्राला ही बातमी सांगायला त्याचाच फोन मागत होता.

हे किनाऱ्यावर बसून झालं नसतं. किनाऱ्यावर मूल रमतं, पण एकटं रमतं. आईवडील शॅकमध्ये फोन घेऊन बसलेले असतात आणि कुणालाच कुणाची गरज नसते. गाडीत दोन्ही पक्ष कोंडलेले. मागून प्रश्न आला की पुढच्याला उत्तर द्यावंच लागतं, पळून जायला जागा नाही. खेकडा मुलाला एकट्याने कळतो; करनैल सिंग कळायला शेजारी कुणीतरी मोठं माणूस लागतं. मुलं हे सगळं विसरतील, लहानपणीचं कुणाला आठवतं, असं मीच पाहुण्यांना सांगत आले. विसरेनात का. प्रश्न विचारून तर झालेला असतो, आणि बापाला उत्तर येत नाही हेही एकदा मुलाच्या डोळ्यांनी पाहून झालेलं असतं.

त्यामुळे आता मी यादी फाडायला सांगत नाही, स्वतःच एक जोडून देते. आमच्याकडच्या लोककथेत मोरजीची मोरजाई सात बहिणींतली एक. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया या तिच्या बहिणी, आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही बहीण मीराबाई, असं हिंदू-ख्रिस्ती दोघंही मानतात. एकच भाऊ, खेतोबा. लईराईने त्याला विस्तव आणायला पाठवलं आणि तो वाटेत पोरांबरोबर खेळत बसला, म्हणून ती चिडली. हे सांगितलं की प्रत्येक घरातला एक खेतोबा खाली मान घालतो. शिरगावला वैशाखातल्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे भक्त, निखाऱ्यांवरून चालतात, त्याचा धागा याच विस्तवाशी आहे. मोरजीहून म्हापसा, मुळगाव, शिरगाव, मये ही वाट गाडीने एका दिवसात आरामात होते. वाटेत डिचोलीचे पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेले लाल डोंगर दिसतात. ते कुणी कापले, हा प्रश्न येणारच. लोहखनिजाच्या खाणी, 2012 ची बंदी, गप्प झालेले ट्रक, सगळं मग बोलावं लागतं.

गाडी लागणाऱ्या मुलाला मात्र मी आजही घरीच ठेवायला सांगते. त्याचे हाल करून इतिहास शिकवण्यात अर्थ नाही. आग्वादही एका दिवसाच्या यादीतून काढायला लावते, वाहतुकीत तीन तास जातात आणि मुलं भांडायला लागतात. आणि एका बाबतीत माझं मत जराही बदललेलं नाही. ‘काकी, मुलांना रात्री कासव दाखवा ना,’ असं दर हिवाळ्यात कुणीतरी म्हणतंच. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूवर येते, शंभरच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. उजेड आणि गलका जाणवला तर ती न घालताच परत फिरते. पिल्लंही उजेडाकडे वळून समुद्राऐवजी शॅकच्या दिशेला चालू लागतात. यादीत हा पॉईंट नको.

तेव्हा मोरजीला येणार असाल तर पत्रादेवीला गाडी थांबवा, कुणाला शू आलेली नसली तरी. तेरेखोलला जायचं तर निघण्याआधी ओहोटीची वेळ केरीत विचारून घ्या. कासवाचं घरटं दिवसा, वनखात्याच्या माणसाला विचारून, कुंपणाबाहेरून पाहता येतं. रात्री किनाऱ्यावर टॉर्च नेऊ नका.