मागचं वजन

दिवाळी सरली की गोदाकाठचे आमचे रस्ते मोटारवाल्यांचे राहत नाहीत. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, पूर्णा या तालुक्यांतल्या कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि पुढे मार्चपर्यंत डांबरावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग असते. मागे अडकलेला माणूस हॉर्न वाजवून दमतो. तोच पुढे चहाच्या टपरीवर भेटला की राग विसरून विचारतो, "एवढं ओढतो कसा हो हा?" थांबतो कसा, असं मात्र कुणी विचारत नाही. आमची सगळी अक्कल तिथेच खर्ची पडते.

ओढणं खरंच फार अवघड नाही. पन्नास-पंचावन्न एचपीचा ट्रॅक्टर, स्वतःचं वजन सव्वादोन-अडीच टन. मागे दोन ट्रॉल्यांत मिळून वीसेक टन ऊस, शिवाय ट्रॉल्यांचं लोखंड वेगळं. ओढणाऱ्याच्या आठ-दहापट ओझं. पण सपाट रस्त्यावर चाकं एकदा फिरायला लागली की ती फिरती ठेवायला फार जोर लागत नाही, आणि ट्रॅक्टरचे खालचे गिअर जोर द्यायलाच केलेले असतात. भाडं टनावर आणि अंतरावर मिळतं. एका ट्रॉलीत डिझेल, ड्रायव्हर आणि बँकेचा हप्ता भागत नाही, म्हणून दुसरी लागते. अर्थशास्त्र एवढंच.

माझा एक भाचा टेक्सासला असतो. त्याने मध्यंतरी एक व्हिडिओ पाठवला. बसएवढं मोटारहोम, आत स्वयंपाकघर, पलंग, न्हाणी, सगळा संसार. आणि त्याच्या मागे पत्र्याचा चारी बाजूंनी बंद ट्रेलर, ज्यात मालकाची मोटार उभी. वर लिहिलं होतं, "मामा, तुमचंच काम आहे बघा." मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. काम आमचंच, पण हिशेब उलटा. तिथे ओढणारं धूड पंधरा-वीस टनांचं आणि ओढलेला ट्रेलर मोटारीसकट चारेक टनांचा. शिवाय त्या चार टनांना स्वतःचा ब्रेक. तिकडे बहुतेक राज्यांत 3000 पौंडांच्या, म्हणजे जेमतेम दीड टनाच्या वर ट्रेलर गेला की त्याला ब्रेक लागतोच. ट्रेलर मधेच सुटला तर एक बारीक तार ओढली जाते, खिळी निसटते आणि ट्रेलरवरच्याच बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात. जोडणीखालून दोन साखळ्या फुली मारून नेलेल्या. हुक तुटलाच तर दांडा त्या फुलीवर पडतो, रस्त्यात घुसत नाही. ब्रेक-बॅटरीचं नंतर बघू म्हटलं, पण साखळ्यांची फुली दुसऱ्या दिवशीच माझ्या ट्रॉल्यांना आली. त्याला खर्च काय, दोन साखळ्या आणि चार कड्या.

त्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट होती. ट्रेलरच्या एकूण वजनातलं दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर आलं पाहिजे, म्हणून ते लोक मोटार ट्रेलरमध्ये वीतभर पुढे-मागे सरकवत बसतात. वजन चाकांच्या मागे गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. हे मला आमच्या मुकादमाला दाखवायचं होतं. दोन चाकी ट्रॉली भरताना ऊसतोडीच्या टोळीला घाई असते. मागून चढायला सोपं, म्हणून मोळ्या मागेच रचत जातात. दांडा हलका झाला की ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन धरत नाहीत. उलट पुढे फार भरलं तर दांडा हुकाला खाली दाबतो आणि ट्रॅक्टरचं तोंड वर येतं, स्टिअरिंग हाताला लोण्यासारखं हलकं लागतं. तसं लागलं की पुढे जायचं नाही, उतरून मोळ्या हलवायच्या. चार चाकी ट्रॉलीचा भार तिच्याच चाकांवर असतो, हुकावर येत नाही, म्हणून तोंड उचलत नाही; पण मग ट्रॅक्टरचं चाक पोकळ फिरतं. त्यावर उपाय म्हणून मागच्या टायरांत पाणी भरतात, पुढे लोखंडी प्लेटा लावतात. काही ठिकाणी बॉनेटवर माणसं बसवतात. ते बघवत नाही.

सगळ्यात अवघड भाग रस्त्यावर नसतोच, तो उसाच्या फडातून बाहेर पडण्याचा. त्याला कारण कालव्याचं पाणी. जायकवाडीची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. डाव्या कालव्याचं पाणी परभणीकडे आलं तसा ज्वारी-कापसाच्या रानात ऊस उभा राहिला. काळ्या रानाला ते मानवलं, ट्रॉलीला नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते. वरून सुकलेली दिसते, पाय टाकला तर टणक लागते, आणि दहा टनांची ट्रॉली तिच्यावर आली की चाक एक्सलपर्यंत खाली. म्हणून मी तोडीच्या आदल्या दिवशी रान चालून बघतो. मालक सांगतो, "पाणी देऊन पंधरा दिवस झालेत." मी बांधाच्या कडेला टाच रोवून बघतो.

फडातून एका वेळी एकच ट्रॉली काढायची. ती रस्त्याच्या कडेला लावायची, चाकांना दगड द्यायचे, मग दुसरीला जायचं. चाक फिरायला लागलं की नवा पोरगा ॲक्सिलरेटर वाढवतो. तिथे उलट करायचं असतं. इंजिन मंद, गिअर खालचा, डिफरन्शियल लॉक लावून हळूच एकदा बघायचं. नाहीच निघाली तर लगेच थांबायचं आणि दुसऱ्या ट्रॅक्टरचं टोचन मागवायचं. तेही कुठे बांधायचं हे कळलं पाहिजे. टोचन कायम खालच्या हुकालाच. ओढ मागच्या एक्सलच्या वर आली तर रुतलेलं चाक जागेवर राहतं आणि ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरून उलटा ड्रायव्हरच्या अंगावर येतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

जोडणीच्या वेळी गडी दांड्याजवळ उभा असतो. तो माझ्या आणि ट्रॉलीच्या मधे कधीच उभा राहणार नाही, बाजूला राहील, हा आमचा ठराव आहे. "या दादा... या, या... थोडं डाव्या हाताला... बस!" मग पिन. पिन पडल्याचा आवाज एकदाच आणि भरीव आला पाहिजे. खळखळ आली तर ती भोकाच्या कडेवर बसलीय. पिनेखाली क्लिप लागते. पुष्कळ ठिकाणी तिथे बांधणीची तार पिळलेली दिसते. तार आठ दिवस टिकते आणि नवव्या दिवशी खड्ड्यात पिन वर उसळते.

आणि मग उतार. आमचा जिल्हा सपाट म्हणून ओळखला जातो. नकाशावर आहेही. पण दर ओढ्याला पूल आहे, पुलाला दोन्हीकडे उतार आहे, आणि गंगाखेडच्या खाली बालाघाटच्या डोंगररांगा सुरू होतात. मोटारीतून जाणाऱ्याला जे जाणवतही नाही, ते वीस टनांना बरोबर कळतं. चढावर वजन तुम्हाला मागे खेचतं, ते समजतं, इंजिन ओरडून सांगतं. उतारावर ते गप्प होतं आणि ढकलायला लागतं. हुक आतापर्यंत ताणलेला असतो. माथ्यावर क्षणभर सैल होतो, खट्‌ असा आवाज येतो, आणि तिथून पुढे ट्रॅक्टर ट्रॉली ओढत नसतो, ट्रॉली ट्रॅक्टरला नेत असते. तो खट्‌ ऐकू यायच्या आत गिअर खाली आलेला पाहिजे. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरायचं, असं मला शिकवणारे बापू सांगायचे. एकदा उताराला लागल्यावर क्लच दाबून गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर मधल्या दोन सेकंदांत तुमचं आणि इंजिनाचं नातं तुटलेलं असतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे बहाद्दर आहेत. एका हंगामात त्यांचं किती डिझेल वाचतं ते मी कधी विचारलं नाही.

ब्रेक असतो तो फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. त्यातही दोन पॅडल, डावं आणि उजवं वेगळं, कारण शेतात वळताना एका चाकाला धरून गर्रकन फिरता आलं पाहिजे. रस्त्यावर येताना ती दोन्ही पॅडलं पट्टीने एकत्र जोडायची असतात. हे साधं काम विसरून कितीतरी ट्रॅक्टर हमरस्त्याला लागतात. मग अचानक कुत्रं आडवं येतं, पाय एकाच पॅडलवर पडतो, एक चाक थांबतं, दुसरं फिरत राहतं, आणि मागचे वीस टन सरळच येत असतात. ट्रॅक्टर आडवा होतो. रांगेत चालताना म्हणूनच मी पुढच्याच्या फार मागे राहतो. ती मोकळी जागा बघून मोटारवाले मधे घुसतात. घुसू द्यावं, आपण पुन्हा मागे राहावं.

वळणावर मागची ट्रॉली आतून कापते. पहिली ट्रॉली ट्रॅक्टरच्या थोडी आतून जाते, दुसरी तिच्याही आतून. गावात मारुतीच्या पारापाशी वळताना ट्रॅक्टर समोरच्या घराच्या ओट्याला लागेल इतका पुढे न्यावा लागतो, तेव्हा कुठे मागचं चाक पाराची कड सोडतं. भाच्याच्या मोटारहोमला उलटं दुखणं आहे. मागच्या चाकांपासून त्याचं बूड इतकं लांब बाहेर आहे की वळताना ते पलीकडच्या लेनमध्ये फिरतं आणि ट्रेलरलाही घेऊन जातं. परभणी-परळी लाइनच्या फाटकावर वळण नसतं, पण लांबी नडते. पहिली ट्रॉली रुळावर असते तेव्हा दुसरी अजून चढावर असते. तिथे रुळांवर गिअरला हात लावायचा नाही, आणि पलीकडे आख्खी जागा रिकामी दिसल्याशिवाय अलीकडून हलायचं नाही.

मागे घेणं हा वेगळाच विषय. एक ट्रॉली मागे घेता येते. स्टिअरिंग उलटं फिरवायचं, ट्रॉली वळायला लागली की तिच्या मागे जायचं. कापलेल्या रानात पोरं हे शिकतात. दोन ट्रॉल्या मागे घेतो म्हणणारा माणूस मला भेटला की मी त्याला चहा पाजतो आणि दुसरी सोडून ठेवायला सांगतो. लायसनचा इथे काही उपयोग नाही. मालासकट एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेलं वाहतुकीचं वाहन हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली ठरवलं आणि 2024 च्या नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कायम केलं. कायदा बरोबरच असेल. त्यात खट्‌ आवाजाबद्दल काही नाही, इतकंच.

आवाजाचं निघालं म्हणून सांगतो, टेप. मडगार्डवर पेटाऱ्याएवढे स्पीकर बांधून जाणारे ट्रॅक्टर तुम्ही पाहिले, म्हणजे ऐकले असतील. रात्रभर जागायचं तर गाणं लागतं, हे मला मान्य आहे. पण सुटू पाहणारी पिन, कोरडं पडलेलं बेरिंग, पाट्यावर घासणारा टायर, मागून येणारी ॲम्ब्युलन्स हे सगळं कानाला कळतं. ट्रॉल्या भरल्यावर आरशात फक्त ऊस दिसतो. डोळ्यांनी मागचं दिसत नसताना कानही बुजवून टाकायचे, हे मला पटत नाही. माझ्या ट्रॅक्टरवर गाणं कारखान्याच्या यार्डात लागतं, नंबर येईपर्यंत.

रात्री बंद पडलेली ट्रॉली ही या धंद्यातली सर्वांत वाईट गोष्ट. उसाचे वाढे मागे लोंबत असतात, त्यांनी रिफ्लेक्टर झाकतो. काळ्या रस्त्यावर उसाचा ढीग मोटारसायकलच्या उजेडात दिसतो तेव्हा अंतर उरलेलं नसतं. दर हंगामात अशी बातमी येतेच. लाल रिफ्लेक्टरचं कापड मी वाढ्यांच्या वरून बांधतो, खालून नाही, आणि पंक्चर झालं तर आधी मागे शंभर पावलांवर बॅटरी घेऊन गडी उभा करतो; जॅक त्यानंतर निघतो.

हंगामाआधी करार होतो तेव्हा आरसी बुक, विमा, टायर, जामीनदार सगळं तपासलं जातं. ट्रॉलीला ब्रेक आहे का, हे कुणी खाली वाकून बघितल्याचं मी पाहिलेलं नाही. शेवटी मी मागच्या ट्रॉलीला ओव्हररन ब्रेक बसवून घेतला. ट्रॉली पुढे ढकलायला लागली की दांडा आत सरकतो आणि तोच ब्रेक ओढतो, ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. मागच्याच ट्रॉलीला, कारण शेवटचं टोक धरून ठेवलं की मधलं सगळं ताणलेलं राहतं. मिस्त्री म्हणाला, "काका, हे कुणी मागत नाही आमच्याकडे." मागे घेताना हा ब्रेक आपोआप लागतो, म्हणून एक खिळी घालून तो बंद करावा लागतो आणि पुढे निघताना आठवणीने ती काढावी लागते. खिळीला लाल चिंधी बांधली आहे. उतार संपला की खाली थांबून ड्रमजवळ हात नेऊन बघतो, फार तापला तर पुढच्या खेपेला आणखी एक गिअर खाली. पुढच्या ट्रॉलीचा ब्रेक राहिला आहे. उचलीचे पैसे टोळीला देऊन काही उरले, तर याच वर्षी.